तिरुवनंतपुरम् : वेधशाळेपासून अग्निबाणापर्यंत



पद्मनाभस्वामींच्या तिरुवनंतपुरम् नगरीस आकाशाचा वेध नवा नाही. महाराजा स्वाती तिरुनाळ यांच्या कारकिर्दीत, १८३७ साली, तेथे वेधशाळा स्थापन झाली. नगरानजीकच्या थुंबा या कोळीवस्तीजवळून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते. वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासास ही जागा अनुकूल, म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांनी ती निवडली. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आवाहन करताच ग्रामस्थांनी आपले चर्च व घरे सोडली. प्रार्थनामंदिर कार्यालय बनले. अग्निबाणाचे भाग सायकलवरून वाहिले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला, अमेरिकी बनावटीचा, अग्निबाण झेपावला. आज तेथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात भारताचे स्वतःचे प्रक्षेपक घडतात. त्या यशाचा पाया कोळी बांधवांच्या त्यागाने घातला, याचे स्मरण राष्ट्राने सदैव ठेवावे.