लॅपटॉप रखडतो तेव्हा



कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारापुढे गाड्यांची रांग लागते. नवखा माणूस म्हणेल, आवार भरले असावे. पण आत जागा पुष्कळ असते. अडते ते वजनकाट्यापाशी. एका काट्यावर एका वेळी एकच गाडी चढणार!

शाळेतला लॅपटॉप रखडतो, बाण हलतो पण फाईल उघडत नाही, तेव्हा आत अशीच रांग लागलेली असते. पडद्यावर ‘डिस्क १०० टक्के’ असे दिसले की पुष्कळ गुरुजी घाबरून फोटो नि व्हिडिओ पुसायला बसतात. त्याचा उपयोग सहसा होत नाही. हा आकडा डिस्क किती भरली ते सांगत नाही. ती किती वेळ कामात गुंतली आहे, एवढेच सांगतो. डिस्क अर्धी रिकामी असूनही हा आकडा शंभरावर चिकटून राहू शकतो.

असे का होते? आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी ग्रामोफोन पाहिलेला असेल. त्याची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. जुन्या लॅपटॉपातल्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा ५४०० फेरे घेते, आणि वाचणारी सुई, म्हणजे तिचे चुंबकी टोक, तबकडीला न टेकता वरून सरकते. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि ते धूड एका टनाच्या आसपास भरे. आज ती तळहातावर मावते, पण मूळ कारभार तोच. सुईने एका जागेवरून दुसरीकडे जायचे, तबकडी फिरून येण्याची वाट पाहायची, मग वाचायचे. इकडेतिकडे विखुरलेली माहिती मागितली, तर अशा खेपा सेकंदाला शंभराच्या घरातच होतात. चार प्रोग्रॅमांनी एकदम हाका मारल्या की काटा अडला!

तेव्हा पहिले काम, रांगेत कोण उभे आहे ते पाहणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’ या शब्दावर टिचकी मारली की सर्वांत जास्त काम मागणारा वर येतो.

पुष्कळदा तिथे विंडोज अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी किंवा सर्च इंडेक्सर दिसेल. याचे कारण आपल्या शाळांच्या रीतीतच आहे. लॅपटॉप आठवडाभर कपाटात असतो. यूडायसची माहिती भरायची वेळ आली की तो बाहेर निघतो, मोबाईलचे इंटरनेट जोडले जाते, आणि साचलेली सगळी कामे त्याच घटकेला अंगावर येतात. त्यात बॅटरी गेलेली असली आणि वीजही गेली, तर अर्धवट राहिलेले अपडेट पुन्हा चालू होते. यावर औषध साधे आहे. कामाच्या आदल्या दिवशी लॅपटॉप चार्जरला लावून, इंटरनेट जोडून, तीन-चार तास नुसता चालू ठेवावा. तो झोपी जाणार नाही एवढे मात्र पाहावे. अँटीव्हायरस बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ‘सिस्मेन’ नावाची सेवा वर दिसली, तर ती थांबवून पाहायला हरकत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर कधी कधी फरक पडतो.

दुसरे कारण मेमरीचे. चार जीबी मेमरीवर ब्राउझरची दहा पाने, एक्सेल आणि व्हिडिओ एकदम उघडले की मेमरी अपुरी पडते आणि विंडोज उरलेले सामान डिस्कवर नेऊन ठेवू लागते. मग प्रत्येक टिचकीला सामानाची ने-आण! टास्क मॅनेजरात मेमरीचा आकडाही नव्वदीच्या पुढे असेल, तर दुखणे हे समजावे. पाने बंद करावीत. शक्य असल्यास मेमरी आठ जीबी करून घ्यावी.

आता जरा गंभीर गोष्ट. रांगेत कोणीच मोठा दिसत नाही, तरी डिस्क शंभरावर, असेही होते. तेव्हा ‘परफॉर्मन्स’ या भागात जाऊन डिस्क निवडा आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ पाहा. काम थोडे, पण उत्तराला हजारो मिलिसेकंद लागत असतील, तर काटाच बिघडला असण्याचा संभव आहे. क्वचित दोष ड्रायव्हरचा किंवा जोडणीचा असतो. पण टकटक असा आवाजही येत असेल, तर डिस्क शेवटच्या दिवसांत आहे असे धरून चाला. अशा वेळी तपासणीचे प्रोग्रॅम चालवू नका. मरू घातलेल्या डिस्कवर तो बोजा जड होतो. आधी निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी आणि मुलांचे फोटो दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दुकानात नेल्यावर ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर तयार असते. फॉरमॅटने ड्राइव्हवरचे पुसले जाईल. झिजलेली तबकडी नवी होणार नाही.

खरा उपाय बहुधा एसएसडी. तिच्यात तबकडीच नाही, म्हणून वाट पाहणे नाही. सेकंदाला हजारो खेपा होतात. नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा हा खर्च पुष्कळ कमी. मात्र काही स्वस्त लॅपटॉपांत साठवण आतल्या पाटीलाच जडवलेली असते; ती बदलता येत नाही, हे आधी विचारून घ्यावे. शिवाय विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. एसएसडीने वेग येईल, पण ती उणीव भरून निघणार नाही.

आणि काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यावर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. ती मागून घ्या आणि नव्या डिस्कवर सगळे नीट आले आहे याची खात्री होईपर्यंत शाळेच्या कपाटात कुलपात ठेवा.