मुलाला काय सोसत नाही?



वसंतातल्या व्याख्यानांचे विषय कसे असावेत ह्याचा एक संकेत ठरून गेला आहे. त्यात संतवाङ्मय बसते, राज्यघटना बसते, एखादा प्रवासही बसतो. लहान मुलाचे पोट कशाने बिघडते हा विषय माजघरातला. तो मांडवात आणल्याबद्दल कुणाला नवल वाटले तर ते साहजिक आहे. पण ज्या मायबहिणी मुलांना मांडीवर घेऊन येथे बसल्या आहेत, त्यांच्यापैकी कित्येकींना कुणी ना कुणी सांगितलेले असणार, ‘याले दूध देऊ नको, बाधते.’ सांगणारी सासू असेल, शेजारीण असेल, औषधाच्या दुकानातला मनुष्य असेल. त्या एका वाक्यासरशी मुलाच्या वाटीतून दूध जाते. मग अंडे उष्ण म्हणून जाते, केळे थंड म्हणून जाते, डाळ जड म्हणून जाते. शेवटी उरतो तो चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट; ते मात्र कुणालाच बाधत नाही अशी आपली समजूत आहे!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे ३६ टक्के वजनाने कमी आढळली. जेथे तिघांतले एक मूल वाढीत आधीच मागे पडलेले आहे, तेथे ताटातला एक जरी सकस पदार्थ काढायचा तरी त्याला पुरावा हवा. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखादे मूल असे असते की, एक विशिष्ट अन्न त्याच्या आतड्याला खरोखरीच सोसत नाही, आणि घरची मंडळी ‘अंगात ताकद येईल’ म्हणून तेच अन्न त्याला आग्रहाने भरवीत असतात. ह्या दोन्ही प्रकारांत मूलच वाळते. तेव्हा ओळखावे कसे, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘बाधते’ ह्या आपल्या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. आयुर्वेदाने ‘सात्म्य’ आणि ‘असात्म्य’ असा भेद केला, म्हणजे मानवणारे आणि न मानवणारे. पण न मानवण्याची कारणे आज आपल्याला अधिक बारकाईने वेगळी काढता येतात.

पहिली गोष्ट अ‍ॅलर्जी. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ पिर्के यांनी १९०६ साली प्रचारात आणला. शरीराचे संरक्षक दल एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते, ती ही अवस्था. १९२१ साली जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी तिचा मोठा नामी प्रयोग केला. क्युस्टनरना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांच्या रक्ताचा निवळ भाग प्राउस्निट्झनी आपल्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ज्याला मासा खुशाल पचत होता त्याच्या अंगावर बघता बघता गांधी उठली. दोष माशात नाही, पोटातही नाही, रक्तात फिरणाऱ्या कशात तरी आहे, हे त्याने सिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई नावाचे प्रतिद्रव्य, हे १९६६-६७ च्या सुमारास कळले. ह्या जातीची अ‍ॅलर्जी घड्याळ लावून येते: खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, एकदम ओकारी, खोकल्याची उबळ, घरघर. अ‍ॅलर्जीचा दुसरा, संथ प्रकारही असतो. त्यात काही तासांनी किंवा दिवसांनी शौचात रक्त-आव दिसते, ओकाऱ्या होत राहतात, वजन थांबते.

दुसरी गोष्ट असहिष्णुता. येथे संरक्षक दलाचा संबंध नाही. पचनाचे एखादे हत्यार कमी पडते. तिसरी गोष्ट गव्हाची, तिच्याकडे आम्ही सावकाश येऊ.

आता दुधाचे पाहा. दुधातली साखर तोडणारे लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य आतड्याच्या आतल्या लवेच्या टोकाशी असते. ते कमी पडले की साखर न तुटता खाली जाते, तेथे आंबते, आणि मग पोट फुगते, गुरगुरते, आंबूस वासाचे फेसाळ पातळ जुलाब होतात, बसायची जागा लाल होते. जगातल्या बहुतेक माणसांत हे पाचकद्रव्य बालपण सरता सरता कमी होत जाते. काही वंशांत ते मोठेपणीही टिकते. भारतात अशा टिकाऊ लोकांचे प्रमाण वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे उतरत जाणारे आहे. म्हणून आजोबांना पेलाभर दूध सोसत नाही हे अगदी शक्य आहे. पण आजोबांचे ते नातवाला लावू नये. दोन वर्षांच्या मुलात जन्मजात लॅक्टेज नसणे ही अतिशय दुर्मिळ गोष्ट. ह्याला पुरावा घरातच आहे. आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा ही साखर जास्त असते. जे मूल अंगावर पिऊन गुटगुटीत झाले, त्याला जन्मापासून दुधाची साखर पचत नाही असे म्हणायला जागाच राहत नाही.

मग जुलाब होतात ते का? बहुधा असे घडलेले असते: मुलाला आधी हगवण लागली, पाण्यामुळे किंवा एखाद्या विषाणूमुळे. तिने आतड्याची लव खरवडली आणि तिच्या टोकाचे पाचकद्रव्यही गेले. शेताची वरची काळी माती पुराने वाहून गेली तर काही काळ पीक येत नाही, तसेच हे. परंतु लव पुन्हा उगवते. दोन-चार आठवड्यांत बहुतेक मुले पूर्ववत दूध पचवतात. बहुतेक हगवणींत तर दूध तोडावेच लागत नाही. जुलाब चौदा दिवसांवर लांबले तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावेच. तोवर दुधाचे प्रमाण कमी करून ते पेजेत किंवा भातात मिसळून द्यावे, त्याहून चांगले म्हणजे दही द्यावे, कारण विरजणातले जंतू ही साखर काही अंशी आधीच तोडून ठेवतात. आजीने ताक-भात सुचवला तर ती बरोबर आहे. ती चुकते कोठे, तर पंधरा दिवसांचा नियम पंधरा वर्षे चालवते तेथे. आणि अंगावरचे दूध कोणत्याही हगवणीत तोडू नये, हे आम्ही मुद्दाम मोठ्याने सांगतो.

गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी ही ह्याहून निराळी. तिच्यात भांडण साखरेशी नसून प्रथिनाशी असते. म्हणून दह्याने काम भागत नाही. आपल्याकडे अशा वेळी शेळीचे दूध सुचवतात. शेळी गरिबाची गाय खरी, पण दोघींच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी आहेत की, गाईचे दूध न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचेही चालत नाही; म्हशीचेही तेच. समाधानाची गोष्ट अशी की यातली बरीच मुले शाळेत जाण्याच्या सुमारास त्यातून बाहेर पडतात.

आता पाहणी कशी करावी ते सांगतो. वाण्याकडची साधी वही घ्यावी. रोज मुलाने काय खाल्ले, किती वाजता, आणि काय झाले, किती वाजता, एवढे लिहावे. शेजाऱ्याने दिलेला खाऊ, अंगणवाडीतला आहार, औषधाचे गोड पातळ सिरप, सारे लिहावे. दोन आठवडे लिहिल्यावर निम्म्या शंका आपोआप विरघळतात, असा आमचा अनुभव आहे. पोट दुखते ते दुधानंतर नव्हे, तर चार दिवस शौचाला न झाल्यावर, हे वहीत दिसते. शौचात मक्याचे दाणे, टोमॅटोची साल दिसली म्हणून अन्न सोसत नाही असे होत नाही. ते त्या वयात चालायचेच. वहीशेजारी अंगणवाडीतला वजनाचा तक्ता ठेवावा. खेळणारे, भूक लागणारे आणि तक्त्याच्या रेषेबरोबर वर चढणारे मूल एखादे वेळी पातळ शौचाला गेले तर त्याचे ताट सोडून द्या. रेषा आडवी झाली, खाली वळली, तर मात्र वही आणि तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्यांच्या सल्ल्याने संशयित पदार्थ बंद करायचा तो एका वेळी एकच, दोन ते चार आठवडे, आणि त्याच्या जागी तेवढ्याच कसाचे दुसरे काही देऊन. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच आपण गाळतो: तो पदार्थ पुन्हा देऊन पाहायचा. बंद केल्यावर बरे वाटले एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण हगवण काही न करताही थांबतेच. पुन्हा दिल्यावर तोच त्रास, तसाच, तेवढ्याच वेळाने झाला तर गुन्हेगार सापडला. पण ज्या मुलाला गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, त्याला घरी पुन्हा देऊन पाहणे हा प्राणाशी खेळ आहे; ती परीक्षा फक्त रुग्णालयात. आणि धाप लागलेल्या मुलाला लिंबू उतरवीत बसू नये, गाडी काढावी.

मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेले काम येथे आठवते. हरभरा हा भारतीय उपखंडातला अ‍ॅलर्जीचा एक मोठा कारक पदार्थ आहे असे त्यांनी दाखवले. आपले पिठले, भजी, शेव, लाडू सारे त्यात आले! पाश्चात्त्य पुस्तकांत शेंगदाणा आणि अंडी वाचून आपण आपल्या घरातले बेसन विसरू नये, म्हणून हे सांगितले. त्यांनी रुग्णाच्या सांगण्यावर भिस्त न ठेवता, कोणत्या पुडीत हरभरा आहे हे रुग्णाला व देणाऱ्याला दोघांनाही कळू न देता परीक्षा घेतली. अशा परीक्षांत ‘मला बाधते’ म्हणणाऱ्यांपेक्षा खरोखर बाधणारे नेहमी कमी भरतात.

हल्ली रक्ताच्या एका नळीवरून शंभर पदार्थांची यादी छापून देणाऱ्या तपासण्या निघाल्या आहेत. कर्नाटकातल्या प्रौढांची २०१६ साली प्रसिद्ध झालेली पाहणी पाहा: कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्य सापडले ते सुमारे २६ टक्के लोकांत, लक्षणेही जुळून अ‍ॅलर्जी संभवते असे निघाले सुमारे सव्वा टक्का. कागद पाहून जेवण ठरवले तर किती लोक विनाकारण उपाशी राहतील ह्याचा हिशेब तुम्हीच करा. आयजीजीची जी तपासणी विकतात तिला तर असहिष्णुतेच्या निदानात काही स्थान नाही. ते प्रतिद्रव्य पदार्थ खाल्ल्याची खूण आहे, बाधल्याची नव्हे.

आता गव्हाकडे येऊ. हॉलंडमध्ये डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पोट मोठे, हातपाय काड्या, ढुंगणाची कातडी लोंबलेली, शौच पांढुरके आणि ढीगभर, अशी मुले त्यांच्या हाती येत. गव्हाचा संशय त्यांना युद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आणि सारा देश खंगत असता ही मुले सुधारली! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. हा सीलिॲक रोग. गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे शरीर आपल्याच आतड्याची लव कुरतडते. भारतात २०१६ च्या एका पाहणीत उत्तरेकडे तो शेकडा १.२३ आणि दक्षिणेकडे शेकडा ०.१० आढळला, नकाशावर आपण ह्या दोहोंच्या मध्ये बसतो.

वऱ्हाडात कालपर्यंत भाकरी ज्वारीची होती. आता शेतात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि ताटात गव्हाने. गहू सुरू झाल्यावर ज्या मुलाचे वजन अडले, ज्याचे रक्त लोहाच्या औषधानेही वाढत नाही, त्याची तपासणी करावी. पण तपासणीपूर्वी गहू बंद करू नये, नाहीतर रक्तातली खूण पुसली जाते आणि निदान लटकते. निदान पक्के झाले की गहू आणि जव जन्मभर बंद. मुंबई-दिल्लीच्या आईला त्यासाठी महागडी पिठे शोधावी लागतात. रिठदच्या आईला कणगीतली ज्वारी पुरते. मात्र चक्कीवर गव्हामागून ज्वारी दळली तर पाळूत राहिलेली कणीक भाकरीत उतरते; तेव्हा जाते बाहेर काढावे किंवा गिरणीवाल्याला विनवून स्वच्छ पाळूवर दळून घ्यावे. आणि फोडणीतला हिंग पाहावा. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.

राहता राहिला एक प्रश्न: बाधेल या भीतीने अंडे-शेंगदाणे उशिरा सुरू करावेत काय? पूर्वी डॉक्टरही तसेच सांगत. २०१५ साली लंडनच्या गिडियन लॅक यांनी ६४० तान्ह्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले इसब किंवा अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे जोखमीची होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी न देणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणून सहा महिन्यांनी वरचे अन्न सुरू झाले की बारीक वाटलेला दाण्याचा कूट पातळ पेजेत अर्धा चमचा कालवून द्यावा, दिवसा द्यावा, आणि दोन तास मुलाकडे लक्ष ठेवावे. अंगभर इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाती देऊ नये. तो अ‍ॅलर्जीने नव्हे, श्वासनलिकेत अडकून घात करतो.