बर्फाशिवाय चार दिवस

मी रेल्वेतला डिप्लोमावाला. जंतूंपेक्षा मला वॅगन जास्त कळतात. पण आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका लशीबद्दल सांगायचे आहे.

आफ्रिकेत सेनेगल ते इथिओपिया पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी यायच्या. १९९६ च्या साथीत सुमारे २५,००० माणसे गेली. जुनी लस जंतूच्या नुसत्या साखरेची, लहान मुलांत फारशी चालत नसे. मेनॅफ्रिव्हॅकमध्ये ती साखर धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडली. डोस अर्ध्या डॉलरच्या आत! २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरुवात झाली.

पण खेडोपाडी बर्फ कुठून नेणार? चाचण्यांअंती २०१२ मध्ये मान्यता मिळाली, की ४० अंशांपर्यंतच्या उष्म्यात ती चार दिवस बर्फाविना चालते. मालवाहतुकीत वय गेलेल्या मला खरी करामत हीच वाटते. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा रुग्ण आढळलेला नाही. इतर गट आहेतच. त्यांच्यासाठी सीरमचीच पाच गटांची लस २०२४ मध्ये नायजेरियात पोहोचली.