जुनी गाणी, नवी धुलाई



संयोजकांनी प्रत्येकाला ‘आपल्या छंदावर दहा मिनिटं’ असं फर्मान काढलंय. आधीच्या वक्त्यांनी ट्रेकिंग, बोन्साय आणि मधुमेह हे विषय घेतले. मधुमेह हा छंद कसा, ते आपल्या डॉक्टरांना जेवताना विचारा. माझा छंद तुम्हाला नववीपासून माहीत आहे. बीटल्स. पण ते किती थोर होते हे मी आज सांगणार नाही, ते तुम्ही डब्याच्या सुट्टीत पुष्कळ सोसलंय. त्यांची तीच ती गाणी दर काही वर्षांनी धुऊन-पुसून नव्या वेष्टनात विकायला येतात आणि आम्ही चाहते कुरकुरत ती पुन्हा विकत घेतो, त्याबद्दल बोलतो.

१९७३ साली बीटल्सच्या निवडक गाण्यांचे दोन संच निघाले. १९६२ ते ६६ या काळातल्या २६ गाण्यांचा लाल संच आणि १९६७ ते ७०च्या २८ गाण्यांचा निळा. ग्रुप तोवर फुटला होता. त्यामुळे आमच्या वयाच्या बहुतेकांना बीटल्स भेटले ते या दोन संचांतूनच. लाल मुखपृष्ठावर चौघं लंडनमधल्या कंपनीच्या जिन्यावरून खाली वाकून बघताहेत, पोरसवदा, दाढी-मिशा नसलेले. तो फोटो १९६३चा. निळ्यावर तोच जिना, तीच जागा, तेच चौघं, पण फोटो १९६९चा. केस खांद्यावर आलेले. मधे फक्त सहा वर्षं गेलीत. आज सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर आपण जो ग्रुप फोटो काढला त्यात मधे चाळीसच्या वर वर्षं गेलीत, तेव्हा केसांबद्दल न बोललेलं बरं.

माझा आतेभाऊ तेव्हा जहाजावर होता. त्याने निळा संच आणला आणि मे महिन्याच्या सुट्टीत पार्ल्याला मी तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतला. आता गणित बघा. संच जवळजवळ शंभर मिनिटांचा. पहिली रेकॉर्ड एक्कावन्न मिनिटांची आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. त्यामुळे ‘हे ज्यूड’च्या शेवटी तो मोठा कोरस सुरू होतो, सगळे गाताहेत, गाताहेत, आणि टक्! बटण वर. मी ते गाणं कित्येक वर्षं असंच ऐकलं. पूर्ण गाणं पुढे हजार वेळा ऐकलं असेल, पण त्या ठिकाणी आजही कान त्या ‘टक्’ची वाट बघतात.

रिमास्टरिंगबद्दल चाहते का भांडतात ते कळायला हे ‘टक्’ लक्षात ठेवा.

आता थोडं तांत्रिक, पण स्वयंपाकघरातल्या भाषेत. रिमास्टर म्हणजे तयार आमटी गाळून, मीठ-तिखट जरा सारखं करून पुन्हा वाढणं. २००९मध्ये बीटल्सच्या सगळ्या अल्बमचं हे झालं आणि त्यावर फारशी मारामारी झाली नाही. रिमिक्स म्हणजे मूळ टेपवरचे गायन, गिटार, ड्रम वेगवेगळे घेऊन आमटी नव्याने फोडणीला टाकणं. आणि २०२३मध्ये लाल-निळे संच पुन्हा आले त्यात झालं ते तिसरंच. मिसळीतून फरसाण, कांदा आणि तर्री पुन्हा वेगळी काढणं! पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाच्या चमूने एका माहितीपटासाठी संगणकाला असं शिकवलं की एकाच ट्रॅकवर मिसळलेले आवाज तो ओळखून सुटे करतो.

याची गरज का पडली? १९६३च्या ऑक्टोबरपर्यंत बीटल्सचं ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकवर होई. एकावर सगळी वाद्यं, दुसऱ्यावर सगळे गळे. त्याचं स्टिरिओ केलं की एका स्पीकरमधून गाणारे आणि दुसऱ्यातून वाजवणारे, जणू आपसांत भांडण झालंय. ‘शी लव्ह्ज यू’ची तर मूळ टेपच उरलेली नाही, फक्त एकत्र केलेली मोनो प्रत आहे. त्यामुळे त्याचं खरं स्टिरिओ अशक्य होतं. २०२३मध्ये ते झालं. रिंगोचे ड्रम आधी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे वाटायचे, ते आता समोर आले.

मी ऐकलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि दुसऱ्यांदा ऐकताना अस्वस्थ झालो. झांजांच्या आवाजाला एक पाणचट, कृत्रिम झाक आहे असं मला वाटतं. घरचे म्हणतात, तुझे कान साठीचे आहेत. असतील. पण मुद्दा झांजांचा नाहीच. त्या गाण्यात सगळे एकमेकांत गुंतून, एकाच ढिगाऱ्यासारखे कानावर कोसळायचे. आता प्रत्येक जण आपापल्या जागी, इस्त्री करून उभा आहे. जास्त ऐकू येतंय, आणि काहीतरी कमी झालंय.

यावर शुद्धतावादी म्हणतात, मूळ आहे तसं ठेवा. पण मूळ म्हणजे कुठलं, हे विचारलं की त्यांच्यातच जुंपते. १९६८पर्यंत इंग्लंडात मोनो हेच मुख्य होतं. ‘सार्जंट पेपर’चं मोनो मिक्सिंग बीटल्सनी स्वतः बसून करून घेतलं, आणि स्टिरिओ नंतर त्यांच्या गैरहजेरीत भराभर उरकलं गेलं. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जलद आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओत संथ. जगाने बहुतेक वेळा ऐकलं ते मात्र स्टिरिओच. २०१७मध्ये जाइल्स मार्टिनने नवं स्टिरिओ केलं तेव्हा मोनोचा वेग प्रमाण मानला. जाइल्स म्हणजे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा. बापाच्या कामावर हात फिरवायचा, म्हणजे बिचाऱ्याची झोप उडत असेल. पण गंमत अशी की १९८७मध्ये सीडी आल्या तेव्हा खुद्द जॉर्ज मार्टिननीही आपल्याच दोन जुन्या अल्बमचं मिक्सिंग बदललं होतं. मूळ मालकालाही हात आवरत नाही.

निवडीवरही वाद झालाच. १९७३च्या लाल संचात एकूण एक गाणी लेनन-मॅकार्टनींची, जॉर्ज हॅरिसनचं एकही नाही. मला हे नेहमी खुपायचं. २०२३च्या संचात २१ गाणी वाढवली, त्यात लालमध्ये हॅरिसनची दोन आली आणि निळ्यात त्याचं आपल्याकडची वाद्यं वापरलेलं ‘विदिन यू विदाउट यू’. न्याय झाला, मी पेढे वाटायला हवे होते. पण सीडीवर ही गाणी कालक्रमाने मधेमधे घुसवलीत. एक गाणं संपताना पुढच्याचा पहिला सूर मनात वाजू लागतो, तो क्रम मोडला. आपल्या हजेरीपटात मधेच एकवीस नवी नावं घातली तर कसं वाटेल, तसं.

पण सगळ्यात जास्त चर्चा झाली ती निळ्या संचाच्या शेवटी जोडलेल्या ‘नाउ अँड देन’ची. लेननने सत्तरच्या दशकात घरी, साध्या कॅसेटवर, पियानोवर बसून ते गायलं होतं. १९८०मध्ये तो गेला. १९९५मध्ये उरलेल्या तिघांनी ते पुरं करायचा प्रयत्न केला, पण टेपवर घरघर होती आणि पियानो लेननच्या आवाजावर चढत होता. सोडून दिलं. २००१मध्ये हॅरिसनही गेला. मग त्याच नव्या तंत्राने लेननचा आवाज पियानोपासून सुटा केला, हॅरिसनची १९९५ची गिटार घेतली आणि पॉल आणि रिंगोने २०२३मध्ये गाणं पुरं केलं. लेननचा आवाज इतका स्वच्छ, की माणूस शेजारी बसलाय. त्याच वेळी, मूळ कॅसेटची चोरटी प्रत वर्षानुवर्षं ऐकणारे चाहते नाराज झाले, कारण गाण्याचा एक मधला भाग पॉलने गाळला होता. घरघरीसकट त्यांना तो पाठ होता.

हे मी इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे, आणि ते तुमच्या ओळखीचं आहे.

आपल्या दहावीच्या गॅदरिंगची कॅसेट महिन्यापूर्वी सापडली. तिच्यात आपल्या एका मित्राने वाजवलेला माउथऑर्गन आहे. तो आज आपल्यात नाही. नाव घेत नाही, समोर त्याची मुलगी बसलीय. समितीने ती कॅसेट एका भाच्याकडून संगणकावर साफ करून घेतली आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही प्रती टाकल्या. पुढचे चार दिवस काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. साफ प्रतीतून पंखा गेला, बाकांची करकर गेली, बाईंचं ते लांबलचक ‘शूऽऽ’ गेलं आणि दोन सुरांच्या मधे तो श्वास घ्यायचा, तोही गेला. आपल्यातल्या अनेकांनी लिहिलं की हे त्याचं वाजवणंच नव्हे. माझंही मत तेच होतं आणि आहे.

पण त्याच्या मुलीने खाली एक ओळ लिहिली. बाबा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. मूळ कॅसेट तिने लावली तेव्हा तिला नुसता गोंगाट ऐकू आला. साफ प्रतीत बाबा ऐकू आले. तिच्यासाठी त्या पंख्यामागे कुठलीही शाळा नाही, बाक नाहीत, आपण नाही. आम्हाला त्या गोंगाटात जे ऐकू येतं ते टेपवर नसून आमच्या डोक्यात आहे. लाल-निळा संच पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माझ्या पुतण्यालाही ‘हे ज्यूड’मध्ये ‘टक्’ ऐकू येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आज जे पेनड्राइव्ह वाटणार आहेत त्यात दोन्ही प्रती ठेवा, आणि फाइलींची नावं ‘जुनी’ आणि ‘नवी’ ठेवा, ‘चांगली’ आणि ‘खराब’ नको. साफ करताना मूळ फाइलवर काही लिहू नका, ती तशीच राहू दे. कॅसेट स्वतः मात्र स्पीकरवर ठेवू नका, काल मी ती सभागृहात स्पीकरवरच पाहिली. त्यातल्या चुंबकाने ती बिघडू शकते. कोरड्या जागी, डबीत घालून उभी ठेवा आणि ठेवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत फिरवून घ्या.

आणि चालू टेपरेकॉर्डर कुणाकडे असेल तर मला चहाच्या वेळी भेटा. कॅसेटची दुसरी बाजू अजून कुणी ऐकलेली नाही.