पुरात मदत कशी जमते?



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना मोठा पूर आला. सांगली-कोल्हापूरकडची कित्येक गावे पाण्याने वेढली. घरात पाणी, शेतात पाणी. बाहेर गावोगावच्या बायकांनी चुली पेटवल्या, भाकऱ्या थापल्या आणि टेंपो भरभरून पाठवल्या.

एवढे लोक एकदम कसे उठले? बातमी फोनवरून फिरली. आजकाल गावात फोनवरचे गट असतात. भजनी मंडळाचा एक, बचत गटाचा एक. अशा गटात कोणी लिहितो, 'आमचे एक पोते ज्वारी.' दुसरी लिहिते, 'आमच्या पन्नास भाकरी.' मग तिसऱ्याला गप्प बसवत नाही. पूर्वी पारावर उपरणे पसरत, तेव्हाही असेच होई. एकाने रुपया टाकला की दुसऱ्याचा हात कनवटीला जाई. माणूस एकटा असला की म्हणतो, माझ्या एकट्याच्या देण्याने काय होणार? दहा जण देताना दिसले की त्याला बळ येते. मात्र ज्याला देणे जमले नाही, त्याचे नाव गटात काढू नये. त्याची चूल त्यालाच ठाऊक.

मदतीची लाट आली की दुसरी अडचणही येते. २६ डिसेंबर २००४ ला समुद्राच्या सुनामी लाटांनी तमिळनाडूत नागपट्टिणमकडची कोळ्यांची वस्ती उद्ध्वस्त केली. लांबलांबून मदत आली. तीत जुन्या, फाटक्या कपड्यांचे ढीग होते. ते रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्यांची घरे गेली होती, अब्रू गेली नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी विचारा. तिथल्या सरपंचांना, गुरुजींना फोन करा. पाणी चढलेले असते तेव्हा प्यायचे पाणी आणि शिजलेले अन्न लागते. पूर ओसरला की खराटे, फावडी, चादरी लागतात. जनावरांना वैरण लागते. पुढे मुलांना वह्या-पुस्तके.

आणि पैसा! अशा वेळी भामटेही जागे होतात. खोटा खाते नंबर फोनवर फिरवतात. तो खरा कोणाचा, याची खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नका, निरोपही पुढे पाठवू नका. गटाने पैसे जमवले तर कोणी किती दिले, काय घेतले, कोठे पोचवले, हे पावतीसह गटात टाकावे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तोच हिशेब चावडीच्या फळ्यावर लिहावा. आता तुम्हांला वाचता येते. फळ्यापुढे उभे राहून तो वाचा, आणि जो आकडा कळला नाही तो तिथेच विचारा.