अधिवेशनाचा संकल्प आणि कोनच्या घराची किल्ली

पनवेल तालुक्यातील कोन हे गाव, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून रसायनीकडे वळणाऱ्या वाटेवरचे. या गावात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील गृहयोजनेतून मिळालेल्या इमारती उभ्या आहेत. त्यांतील २,४१७ घरांची सोडत 'म्हाडा'ने २ डिसेंबर २०१६ रोजी काढली. ती घरे होती मुंबईतील गिरण्यांच्या कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी. विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की शासन कोणती विधेयके मांडणार, कोणती धोरणे जाहीर करणार याची चर्चा सुरू होते. अशा संकल्पाचा प्रवास कसा होतो आणि तो कोठे अडखळतो, हे समजून घेण्यासाठी कोनच्या घरांइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

संकल्प कोठे प्रकट होतो?

ब्रिटनमध्ये संसदेच्या नव्या सत्राच्या आरंभी राजा किंवा राणी भाषण वाचते. मात्र त्यातील शब्द मंत्रिमंडळाचे असतात. भारतीय संविधानाने हाच प्रघात लोकशाहीला साजेशा रूपात स्वीकारला. अनुच्छेद ८७ अन्वये राष्ट्रपती संसदेपुढे आणि अनुच्छेद १७६ अन्वये राज्यपाल विधिमंडळापुढे वर्षातील पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी अभिभाषण करतात. महाराष्ट्रात अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने भरण्याची प्रथा आहे. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, त्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे.

अभिभाषण ही शासनाच्या इराद्याची घोषणा होय. तो कायदा नव्हे. इराद्याला कायद्याचे रूप येण्यासाठी संबंधित विभागाने मसुदा करावा लागतो, विधी व न्याय विभागाने तो तपासावा लागतो आणि मंत्रिमंडळाने त्यास मान्यता द्यावी लागते. त्यानंतर विधेयक सभागृहात मांडले जाते. त्यावर खंडशः विचार होतो, सुधारणा सुचविल्या जातात, आवश्यक तेथे ते संयुक्त समितीकडे सोपविले जाते. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राज्यपालांची संमती मिळाल्यावरच ते अधिनियम बनते. केंद्रीय कायद्याशी विसंगती संभवत असेल, तर अनुच्छेद २५४ अन्वये राष्ट्रपतींची अनुमती घ्यावी लागते.

दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात काढलेल्या अध्यादेशांचे आयुष्य मर्यादित असते. सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत ते संपुष्टात येतात. म्हणूनच नव्या अधिवेशनाच्या कामकाजात अध्यादेशांची जागा घेणारी विधेयके बहुधा अग्रभागी असतात.

धोरण, कायदा आणि पैसा

रोजगार हमी योजनेचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने ही योजना राबविण्यास आरंभ केला. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि योजनेला निधीचा आधार मिळाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम मंजूर केला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. अनुभव आधी, निधी पाठोपाठ आणि हक्क शेवटी, असा हा क्रम होता. ज्याच्या मागे पैशाची तजवीज आहे असेच वचन टिकते, हा त्याचा धडा होय.

नियमातील एक शब्द

गिरणी कामगारांची कहाणी वेगळी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्यांची धुराडी पुन्हा पेटलीच नाहीत. गिरण्यांच्या विस्तीर्ण जमिनींचे करावयाचे काय, याचे उत्तर विधिमंडळातील एखाद्या गाजलेल्या विधेयकाने दिले नाही. ते दिले महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली केलेल्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने. पुनर्विकास करताना जमिनीचा एक वाटा महापालिकेला, एक 'म्हाडा'ला आणि एक गिरणीमालकाला, असे त्याचे स्थूल सूत्र होते.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीपुरती राहिली. बांधकाम पाडून रिकामी होणारी जमीन तीत धरावयाची की नाही, यावर न्यायालयात वाद झाला. उच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी फिरविला आणि मर्यादित अर्थ कायम झाला. 'मोकळी' या एका शब्दाने सार्वजनिक घरांसाठी मिळणाऱ्या जमिनीचे माप बदलून टाकले.

घरांसाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात होते. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे होती. गिरणगावात जागा पुरेना, तेव्हा महानगराच्या सीमेवर शोध सुरू झाला आणि परळ-लालबागचा प्रश्न कोनला येऊन पोहोचला. येथेही सोडत निघाली म्हणून किल्ली लगेच हाती आली असे झाले नाही. २०२० च्या महामारीत या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, पुढे दुरुस्तीचा प्रश्न निघाला आणि ताबा लांबला. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार तोवर सत्तरीकडे झुकला होता. घर कित्येकांच्या वारसांच्या नशिबी आले.

लोकप्रतिनिधींनी काय पाहावे?

प्रत्येक विधेयकाला काही पुरवण्या जोडलेल्या असतात. उद्देश व कारणे यांचे निवेदन कायदा कशासाठी ते सांगते. वित्तीय ज्ञापन पैसा किती लागेल ते सांगते. वैधानिक अधिकार सोपविण्याबाबतचे ज्ञापन पुढे नियम कोण व कशाविषयी करणार ते सांगते. पंचायत सदस्याने, शिक्षकाने आणि अधिकाऱ्याने या तीन पानांपासून वाचनास आरंभ केला, तर वर्तमानपत्री मथळ्यांपेक्षा अधिक उलगडा होईल. अधिनियम अंमलात येण्याचा दिनांक कोणता, नियमांचे प्रारूप केव्हा प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचनांची मुदत केव्हा संपते, याची नोंद ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असणे अगत्याचे आहे. मुदत उलटल्यावर केलेली तक्रार न्याय्य असली तरी दुबळी ठरते.

नवी वसाहत आली की पाणी, सांडपाणी, शाळा आणि रस्ता यांचा भार गावावर येतो. घरे देणारे धोरण आणि गावाला बळ देणारी तरतूद एकाच अधिवेशनात जुळून आली नाहीत, तर नवा रहिवासी आणि जुना ग्रामस्थ एकाच नळासमोर परस्परांचे प्रतिस्पर्धी बनतात. दोघांचाही दोष नसताना असे घडू नये, ही जबाबदारी योजनाकर्त्यांची आहे, आणि तिचे स्मरण देणे हे ग्रामसभेचे काम आहे.

येत्या अधिवेशनातही संकल्पांची यादी वाचली जाईल. तिचे मोल किती विधेयके संमत झाली यावर ठरणार नाही. ज्याच्यासाठी कायदा केला त्याच्या हयातीत तो त्याच्या दारापर्यंत पोहोचला की नाही, यावरच ते ठरेल. कोनच्या इमारतींतील प्रत्येक कुलूप हा प्रश्न विचारीत आले आहे.