पेरणीआधीची सुई



आपल्या धावड्यात पावसाळी ताप-खोकल्याला कोणी आजार मानीत नाही. काढा प्यायचा आणि कामाला निघायचे. फ्लूच्या लसीचे नाव काढताच वडीलधाऱ्यांनी आम्हालाच ऐकवले, "सुई घ्यायची आणि वर ताप ओढवून घ्यायचा!" ही समजूत खोटी आहे. सुईने देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद्याला कणकण येते, दोन दिवसांत उतरते.

1918 साली हा रोग मुंबई बंदरातून शिरला आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. 2009 साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते.

2015 साली राज्य सरकारने गरोदर माता, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. पण बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही एक शिकलो आहोत. सरकारी सवलत विचारणाऱ्यालाच मिळते. आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे, लस नसेल तर पुन्हा जावे.

खरी अडचण मजुरीची आहे. रांगेत दिवस गेला की त्या दिवसाची चूल अडते. हे आम्हा पगारदारांना चटकन कळत नाही. लसीचा गुण यायला दोन आठवडे लागतात, तेव्हा मे महिन्यातच, पेरणीआधी हे काम उरकावे. विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन नावे वहीत लिहून आणावीत. बुडालेली मजुरी मंडळाच्या निधीतून देता येईल का, हे आजच्या बैठकीतच ठरवावे, अशी आमची विनंती आहे.